गणपतीच्या मापाची कानटोपी

मुलांनो, पेणपासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात थंडीवर जेवढा विश्वास तुमच्या रोह्याच्या आत्याआजीचा आहे, तेवढा खुद्द थंडीचाही नसेल. आमच्याकडे पौषातसुद्धा पंखा बंद करावा की एकवर ठेवावा, एवढाच प्रश्न असतो. पण माझ्या या थोरल्या नणंदेच्या पिशवीत बारा महिने लोकर आणि सुया. जेवण सोडून ती सगळीकडे विणते. बारशाला, बँकेच्या रांगेत, कीर्तनात. एकदा रोह्याहून येताना तिचा लोकरीचा गुंडा निडीच्या फलाटावर पडला आणि गाडी सुटली. तिने दोरा सोडला नाही. नागोठण्यापर्यंत गुंडा मागून पळत येत होता, असं ती शपथेवर सांगते. दोरा निडीलाच तुटला असणार, असं मी दरवेळी म्हणते आणि दरवेळी गोष्टीची मजा घालवते. मी अशीच आहे. माझ्या मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा इंग्रजीत चिठ्ठ्या आहेत.

गेल्या वर्षी श्रावणात ती पेणच्या रामवाडीला आमच्याकडे राहायला आली, ती एकच ध्यास घेऊन. तिकडे तुमच्याकडे बर्फ पडायच्या आत तुमच्या भावाच्या, आपल्या ईशानच्या डोक्यावर घरची कानटोपी गेली पाहिजे. आता टोपीला डोकं लागतं आणि ईशानचं डोकं कॅनडात. आत्याआजीला त्याची काही अडचण वाटली नाही. ती थेट शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात गेली, मुकुट नसलेला एक बाळगणपती निवडला आणि अर्धी विणलेली टोपी त्याला घालून बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "रंग लागला नाय तवर तो घरचाच पोर गो," ती म्हणाली. कारखानदाराने फक्त एवढंच सांगितलं, "आत्याबाई, कान सांभाळा, अजून ओले हायत."

टोपी डोक्याला छान बसली. कानांनाही बसली, पण कान गणपतीचे. मी म्हटलं, "वन्सं, माणसाच्या पोराचे कान एवढे नसतात." तर म्हणे, झाकलेले बरे, टोपी कमी पडली तर रडायचं कुणी? मग तिला शिकवावं म्हणून मीही सुया घेतल्या. इंटरनेटवरचा तक्ता, वय, सेंटिमीटर, टाक्यांचा हिशोब, सगळं काटेकोर. दोन्ही टोप्या एकाच पाकिटातून गेल्या. फोटो आले. आत्याआजीच्या टोपीचे कान ईशानच्या खांद्यांवर लोळत होते, आणि माझी टोपी मोदकासारखी टाळूवर बसली होती. तक्ता अगदी बरोबर होता. मी चार वर्षांचं माप धरलं होतं आणि ईशान सहाचा झाला होता. वाढदिवसाच्या केकचा फोटो मीच फ्रेम करून लावला आहे; पण माझ्या मनातला मुलगा विमानतळावर हात हलवून गेला, तेवढाच राहिला.

या वर्षी नवी टोपी करायला आत्याआजी आली ती विसर्जनानंतर. तुमच्या आईने डोक्याचं अचूक माप कळवलं होतं. मी ते वाचून दाखवलं. "आकडा घालणार काय टोपी? डोकं पायजे," म्हणत ती कारखान्यात गेली आणि तशीच परत आली. फळ्या रिकाम्या होत्या. सगळे बाळगणपती घरोघरी जाऊन पाण्यातही गेले होते. ती सुया मांडीवर ठेवून बराच वेळ नुसती बसली. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग तिची नजर माझ्यावर गेली.

तिने सुयांवरची अर्धी टोपी माझ्या डोक्यावर ओढली, वितीने मोजलं आणि म्हणाली, "पोरापेक्षा बोटभरच मोठं हाय गो तुझं डोकं. एवढं शिकून पण."

ऑक्टोबरची उकाड्याची दुपार. पंख्याने लोकर उडते म्हणून पंखा बंद. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. मी टोपी सारखी करायला हात वर नेला, तो तिने खाली दाबला.

"हलू नको. सगळी डोकी गेली, एवढंच राहिलंय घरात."

मी हलले नाही. ती कानांवरचे टाके घालत राहिली. शेवटचा दोरा दातांनी तोडल्यावरही तिने टोपी लगेच काढली नाही, आणि मीही काढा म्हटलं नाही.