ट्रॅपवरचा शेंदूर

धुळ्याच्या एका गिरणीत मी वाफेच्या नळांचा फिटर होतो. तिथली एक खंडेनवमी आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

आमच्या खात्यात सुताला कांजी लावून ते तापलेल्या मोठ्या पिंपांवर वाळवत. पिंपांत वाफ असे. ती निवली की तिचं पाणी होतं, आणि ते पाणी काढून टाकायला खाली ट्रॅप बसवलेला. साधं लोखंडी भांडं, आत पालथी टांगलेली वाटी. वाटीत वाफ शिरली की ती वर उचलली जाते आणि भोक बंद होतं. पाणी साचलं की वाटी खाली बसते, भोक उघडतं आणि पाणी बाहेर पडतं, वाफ मात्र आतच राहते. हे गरम पाणी बादलीत धरून अक्का फरशीवर सांडलेली कांजी घासून काढायची. अक्का शिरपूरकडची, नवरा गेलेला. तिच्या एकटीच्या कामावर घर चाले.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. मुकादमाने ट्रॅपलाही शेंदूर लावला, पुढे रांगोळी आली. शेठ दर्शनाला येणार, त्यांना यंत्र चालू दाखवायचं, म्हणून वाफ सोडलेली होती. ट्रॅपने रांगोळीवर पाणी ओकलं तर शोभा जाईल, या अकलेने मुकादमाने ट्रॅपच्या आधीचा व्हॉल्व्ह बंद केला. अक्काला मात्र विधवा म्हणून दारातच अडवलं होतं.

दसऱ्यानंतर मुकादमाने पुन्हा वाफ सोडली. व्हॉल्व्ह तसाच बंद! पाण्याला जायला वाट नाही. नळात घणाचे घाव पडावेत तसे आवाज सुरू झाले. मी वाफ बंद करायला धावलो, तेवढ्यात नळाचं वळण फुटलं आणि उकळतं पाणी माझ्या डाव्या हातावर आलं. कातडी सोलून निघाली.

हात बरा झाल्यावर कामावर आलो, तर अक्का फाटकाबाहेर बसलेली. मुकादमाने मॅनेजरांना सांगितलं होतं की ही बाई पाण्यासाठी तिथे सारखी हात घालते, व्हॉल्व्ह हिनेच फिरवला. शिवाय म्हणे, पूजेवर विधवेची सावली पडली.

"भाऊ, मी तठे गयीच नही," ती म्हणाली. "माले उभं बी ऱ्हाऊ दिधं नही."

माझं रक्त उसळलं. मॅनेजरांना मी ओढतच व्हॉल्व्हपाशी नेलं. त्याच्या चाकावर शेंदराची बोटं उमटलेली होती. "जिला दारात अडवलं, तिच्या हाताला शेंदूर कुठून लागला?" मी ओरडलो.

मॅनेजरांनी ती बोटं नीट पाहिली. म्हणाले, "झालं गेलं. पूजेच्या गोष्टी उकरू नका." अक्काला परत घेतलं नाही ते नाहीच. नीच माणसं!

पुढच्या खंडेनवमीला मुकादम पुन्हा माझ्याकडे आला. "भाऊ, घडीभर व्हॉल्व्ह बंद करी दे ना."

व्हॉल्व्ह उघडा ठेवून त्याचं चाक मी सकाळीच काढून ठेवलं होतं. "आधी अक्काले कामवर बलाई लय," मी म्हटलं. तो तोंड फिरवून गेला.

शेठ आले, हात जोडून उभे राहिले आणि ट्रॅपने पाणी सोडलं. लाल-पिवळी रांगोळी त्यांच्या पायांपर्यंत वाहत आली. ते मागे सरून ओरडले, "अरे, फरशी पुसायला कुणी बाई आहे की नाही इथे?"

"होती," मी म्हणालो.