राणीच्या ढिगातले गोटे

१९५५, अक्षय तृतीया. घरटी चार आणे धरून अकरा रुपये जमले. हजर होते गावचे पाच पंच, गढीच्या राणीची पूजा करणारे भुमकबाबा आणि गावचा पाटील म्हणून मी.

गढी म्हणजे गोंड राजाच्या काळच्या किल्ल्याची उरलेली जोती. तिथल्या राणीचं भूत कुणी पाहिलेलं नव्हतं, पण भर दुपारी तिकडे कुणी फिरकत नसे. एरवी वाटेने जाणाऱ्याने तिच्या नावाच्या दगडांच्या ढिगावर एक गोटा टाकायचा, असा रिवाज. त्या उन्हाळ्यात ढीग वाढायच्या ऐवजी उतरू लागला. भुमकबाबा म्हणाले, राणी किल्ला पुन्हा बांधते आहे, बकरा मागते आहे. म्हणून वर्गणी.

मला ते पटलं नाही. सडकेवर गिट्टीचं काम चालू होतं आणि ठेकेदार दगड विकत घेत होता. मी ढिगातल्या बारा गोट्यांना चुन्याचं बोट लावलं. आठ दिवसांनी मोजले तर सातच. अक्षय तृतीयेच्या बैठकीत पंचांना सरळ सांगितलं, "राणी नाही, भुमकच गोटे विकून राहिला. पूजा काढून घ्या याच्याकडून."

पूजेपोटी मिळणाऱ्या धानावरच भुमकबाबांचं घर चालत होतं.

"बोला ना जी बाबा, तुमचं काय म्हणनं?" एका पंचाने विचारलं.

"पाटलाच्या तलावाची पाळ पाहून या," भुमकबाबा एवढंच म्हणाले.

पावसाआधी तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, आतून दगड लावायचं काम मी काढलं होतं. सगळे गेलो. चुन्याचे पाचही गोटे तिथे बसवलेले. माझा गाडीवान रायपूरकडचा, राणीची गोष्टच त्याला ठाऊक नव्हती. तो म्हणाला, "आप ही तो बोले थे मालिक, पत्थर कहीं से भी लाओ."

गाडीमागे आठ आणे, चौदा गाड्यांचे सात रुपये मीच दिले होते. गोटे कुठले, हे विचारलं नव्हतं.

"तुमाले मालूम होतं, मंग बोलले कायले नाही?" मी भुमकबाबांना विचारलं.

"पाटलाले चोर कोन म्हणन? म्हून राणीचं नाव सांगतलो."

"राणी फुकट बदनाम झाली जी पाटलापायी!" एक पंच हसला.

चोर ठाऊक असताना बकरा कशासाठी मागितला, ही शंका मला आजही आहे. पण ती बोलायची सोय राहिली नव्हती.

पंचांनी निवाडा केला. वर्गणी ज्याची त्याला परत गेली. बकऱ्याचे अकरा रुपये मी भरले, आणि खोटा आळ घेतल्याबद्दल पाच रुपये व एक नवं धोतर भुमकबाबांच्या हातात दिलं.