मठात न म्हटलेलं वाक्य

सुनीता, ये, अशी जवळ सरक. आधी रागावून घेते, मग सांगते. बाप जाऊन दीड महिना झाला नाही आणि तू नांदेडहून फोन करून मला विचारलंस, "मोठी आई, खरं सांग, बाबांनी ते केलं होतं का?" तुझ्या शाळेतल्या कुणी बाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या म्हणे, कस्टमच्या केसमधले अप्पा ते हेच का. तेवढ्यानं तुझा जीव खाली-वर झाला. मी काही न बोलता फोन ठेवला. तुला वाटलं असेल, म्हातारीला ऐकू आलं नाही. ऐकू आलं बाई, चांगलं ऐकू आलं. तो प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. चाळीस वर्षांपूर्वी तो आपल्याच घरातून निघाला होता आणि विचारणारी मी होते.

फोनवर सांगायला गेले असते तर मी रडले असते आणि तू "राहू दे" म्हणाली असतीस. म्हणून लिहिते. आणि पेपरच्या पुरवणीत छापायला दिलंय ते मुद्दाम. बोट चार गावांत दाखवलं गेलं, तर उत्तर तेवढं स्वयंपाकघरात का द्यायचं?

तुझा बाप, माझे भावजी, गेले त्या दिवशी सकाळी मी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. भावजींचं घर ते केवढं लांब, मधे एक भिंत. रोज आठ वाजता पूजा आटोपली की त्यांच्या खोकल्याचा आवाज यायचा, मग खुर्ची ओढल्याचा. त्या दिवशी खोकला आला नाही. मी म्हटलं, आज पूजा लांबली वाटतं... आणखी चार मुठी शेंगा फोडल्या. मग शेजारचा कुणी तरी नुसता "मावशी" म्हणून हाक मारत आला आणि पुढं बोलेचना. जाऊन पाहिलं तर पाटावर बसलेले, भिंतीला पाठ, डाव्या हातात इष्टलिंग. नेताना बसवायला काही त्रास झाला नाही, बसल्या जागीच गेले होते. आपल्या लिंगायतांत समाधीत बसवूनच ठेवतात, तसे आधीच तयार होऊन बसले होते म्हण. विभूती लावली, बेल वाहिला. सगळ्यात जास्त कोण रडलं असेल तर माझी लेक महानंदा. हिमायतनगरहून पहिल्या गाडीनं आली ती पोर. तिचं रडणं तू पाहिलंस, कारण तुला माहीत नाही. तेही येतंच आता.

तुझा बाप, मन्मथप्पा, माझा दीर. पण मी आधी त्याला मास्तर म्हणून ओळखलं. मी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ पडला, तूर नाही, उडीद नाही, आपली उदगीरची दाळमिल बंद. माणसं खडी फोडायला गेली. मिलमध्ये रिकाम्या पोत्यांची थप्पी आणि तिच्यावर बसलेले भावजी. एकदा जेवणाचा डबा घेऊन गेले तर म्हणाले, "वैनी, ह्या पोत्यावर काय छापलंय, वाचा." मी म्हटलं, "थट्टा करून राहिलात का गरिबाची?" "थट्टा न्हाई. हे 'उ'. उदगीरचा उ." पोत्यांवरच्या शिक्क्यांतून मला अक्षरं आली. निलंग्याचा नि, देगलूरचा दे. दुष्काळ सरेस्तोवर मी अख्खं पोतं वाचू लागले. आज हे लिहिते ते त्या बंद मिलमधलं शिकलेलं आहे.

त्याच दिवसांत ती लवंग आली. दाळ नाही तर मसाला तरी कुटू, म्हणून भावजींनी परवाना काढला होता. बाहेर देशातून माल मागवायचा म्हणजे कागदांची रास, आणि ते सगळं मुंबईचा एक दलाल बघायचा. तो म्हणाला, "अप्पा, दर कागदाला उदगीरहून कुठं येताय, दहा कोऱ्या कागदांवर सह्या देऊन ठेवा." ह्यांनी दिल्या. घरात कुणी विचारलंही नाही. आपल्या बाजारात तोंडच्या शब्दावर गाडीभर धान्य इकडून तिकडं जायचं, तिथं सहीचं काय कौतुक? दलालानं त्या कोऱ्या कागदांवर लिहिलं, माल लवंगेची दांडी. दांडी म्हणजे काडीकचरा, तिला जकात कमी. आणि पोत्यांत निघाली अस्सल लवंग. रेल्वेनं पोती उदगीरला उतरली आणि आठ-दहा दिवसांत कस्टमची जीप दारात. गल्लीभर लवंगेचा वास आणि गल्लीभर माणसं. भावजींना जीपमध्ये बसवून नेलं. तुझी आई नवी नवरी होती तेव्हा, ती माझ्या पदराला धरून उभी.

खटला उस्मानाबादला सुरू झाला आणि निकाल लागेस्तोवर आपला लातूर जिल्हा झाला. एवढा वेळ. तू त्या तारखांच्या मधेच जन्मलीस. भावजी एसटीनं जायचे, यायचे. विचारलं तर म्हणायचे, "पुढची तारीख पडली." नवा जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले, भावजी म्हणाले, "बरं झालं, आता आरोपीला जवळ पडंल." हसलो आम्ही. मग एक दिवस आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, "सुटलो." बस. कोर्टातलं आम्हा बायकांपर्यंत चाळून यायचं. सुटले एवढं कळलं, कसे सुटले ते कळलं नाही. त्या चाळणीचं पाप पुढं फार मोठं झालं.

सुटले म्हणजे संपलं, असं मला वाटलं होतं. पण सरकारनं वरच्या कोर्टात अपील केलं. आणि ते तिथं पडलेलं असतानाच कस्टमच्या साहेबाकडून दंडाची नोटीस आली, त्याच लवंगेची, त्याच पोत्यांची. भावजींनी भांडण न करता तो दंड भरला. झालं, गावाला तेवढंच पाहिजे होतं. "निर्दोष माणूस दंड भरतो होय?" पाणवठ्यावर, लग्नाच्या पंगतीत, मठाच्या पायरीवर. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. एका गोष्टीसाठी कितीदा त्यांना उभं केलं असेल आम्ही... कोर्टानं तर एकदाच केलं होतं.

त्याच साली आमच्या महानंदाला देगलूरचं स्थळ आलं. चांगलं, खातंपितं घर. मुलाचे चुलते सुपारी फोडायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, राग मानू नका. तुमच्या दीरांनी मठात स्वामींसमोर लिंगावर हात ठेवून एवढंच म्हणावं, मी ती फसवणूक केली न्हाई. आमच्या म्हाताऱ्या माणसांचं समाधान होईल." एवढंच. ते शब्द नीट ध्यानात ठेव, सुनीता.

मी भावजींकडं गेले. ते म्हणाले, "कोर्टात शपथेवर सांगितलंय वैनी. ते पुन्हा पुन्हा सांगायला मी काय पोपट हाय?" मी म्हटलं, "पोरीसाठी." मग "बरं" म्हणाले. सोमवारी मठात गेले. देगलूरचे लोक एका बाजूला, आमचे हे एका बाजूला, मी खांबाला टेकून. स्वामींनी वाक्य सांगितलं, "म्हणा, ह्या प्रकरणात माझा काही एक दोष न्हाई." भावजींनी गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं. ओठ हलले. मग तसेच बसून राहिले.  शेवटी लिंग डोळ्याला लावून पुन्हा गळ्यात घातलं, स्वामींच्या पाया पडले आणि उठून चालू लागले. दारात माझ्यापाशी थांबले. "वैनी, ते वाक्य माझ्यानं म्हणवलं न्हाई." मी तोंड फिरवलं. का म्हणवलं नाही, हे विचारायला पाहिजे होतं. दोन शब्दांचं काम होतं.

स्थळ मोडलं. महानंदा आठ दिवस जेवली नाही. मी भावजींशी बोलणं सोडलं, ते पुढं चार वर्षं. सणावाराला ताट वाढायचे, हाक मारायची नाही. ते मात्र थट्टा सोडायचे नाहीत. मी भांडी आपटली की भिंतीपलीकडून म्हणायचे, "आज तारीख हाय वाटतं." तुझी आई मधल्या मधे मरायची बिचारी. महानंदाला पुढं हिमायतनगरचं घर मिळालं, त्या लग्नात भावजी अक्षता टाकून मागच्या मागं निघून गेले, पंगतीला बसले नाहीत. मला दिसलं. मी थांबवलं नाही.

मग वरच्या कोर्टाचा निकाल लागला. भावजींचे वकील, काझीसाहेब, स्वतः पेढ्याचा पुडा घेऊन घरी आले. भावजी मिलवर होते, घरात मीच. म्हणाले, "भाभी, मुबारक. बाइज्जत बरी, सन्मानानं सुटले. सरकारचं अपील फेटाळलं." मी पुडा घेतला आणि नाही राहवलं म्हणून बोलून गेले, "वकीलसाहेब, बरी झाले तर दंड का भरला? आणि मठात जीभ का अडकली?"

काझीसाहेब उभे होते ते बाजेवर बसले. "तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई?" मग त्यांनी सांगितलं. पोती आली त्याच दिवशी भावजींनी एक फोडून पाहिलं होतं आणि दलालाला पोस्टकार्ड टाकलं होतं, कागदावर दांडी लिहिलंय, आत लवंग आहे, हा काय प्रकार, उलगडा होईस्तोवर एक दाणा विकणार नाही. ते कार्ड दलालाच्या कपाटात सापडलं, सरकारी झडतीतच. त्याच्यावर सुटले. "आणि दंडाचं म्हणाल, तर मी अप्पांना समजावलं होतं. एका गुन्ह्यासाठी माणसावर दोनदा खटला न्हाई, हे घटनेत लिहून ठेवलंय. पण कस्टमचा साहेब म्हणजे कोर्ट न्हाई. त्याची सुनावणी खटल्यात मोजत न्हाईत, म्हणून तो दंडाचं विचारू शकतो. मी म्हटलं, भांडू, वरपर्यंत जाऊ. तर अप्पा म्हणाले, कशाला? कोऱ्या कागदावर सही माझीच होती की. फसवणुकीतून सुटलो ते बरोबर हाय, गाढवपणातून कसा सुटू?" मग म्हणाले, "मठातलंही तेच, भाभी. मला म्हणाले होते, गुन्हा केला न्हाई असं विचारलं असतं तर शंभरदा म्हटलं असतं. काही एक दोष न्हाई म्हणा म्हणाले. लिंग हातात घेऊन ते कसं म्हणू?"

पेढ्याचा पुडा माझ्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी शेंगाच्या पोळ्या केल्या आणि ताट घेऊन मी स्वतः भिंतीपलीकडं गेले. भावजी चष्मा पुसून राहिले होते. ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "निकाल लागला का, वैनी?" मी म्हटलं, "लागला." "मग अपील?" म्हटलं, "न्हाई." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "तूप कमी हाय." तुझी आई दारात उभी राहून हसली आणि पदर डोळ्याला लावला.

असं ते मिटलं. सगळ्यांना वाटलं, मिटलं. पण एक गोष्ट मी त्या दिवशी सांगितली नाही आणि नंतर चाळीस वर्षांत सांगितली नाही. देगलूरच्या चुलत्यांनी जे वाक्य मागितलं होतं, ते काय होतं? मी ती फसवणूक केली नाही. आणि स्वामींनी काय म्हणायला लावलं? माझा काही एक दोष नाही. मधे ते बदललं कुणी? मी बदललं. आदल्या दिवशी मठात निरोप घेऊन मीच गेले होते. मनात म्हटलं, वाक्य जरा भरभक्कम असावं, नंतर कुणाला खुसपट काढायला जागा नको. बाजारात वजन करताना आपण मूठभर जास्तीचं टाकतो ना, तसं मी टाकलं. चुलत्यांचं वाक्य भावजींनी डोळे झाकून म्हटलं असतं. महानंदा देगलूरला गेली असती, चार वर्षांचा अबोला झाला नसता, गावाचं तोंड बंद झालं असतं. भावजींना मरेपर्यंत वाटत राहिलं की ते वाक्य देगलूरकरांचं होतं, देगलूरकरांना वाटलं स्वामींचं. कधी विषय निघाला की म्हणायचे, "भले लोक होते ते, जरा जास्त मागितलं." मी खाली मान घालून भाजी निवडायचे. आता सांगू, उद्या सांगू... समाधीत बेल वाहताना तोंडाशी आलं होतं. पण ऐकणाऱ्यानंच हात जोडून ठेवले होते.

महानंदाला मी गेल्या आठवड्यात सांगितलं. तिनं मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आई, काका मला दर दिवाळीला एकटीला वेगळी साडी का पाठवायचे, ते मला आज कळलं. त्यांना वाटायचं माझं लग्न त्यांनी मोडलं." त्या साडीमागच्या मायेसाठी ती तेव्हा तशी रडत होती. आता माझ्यामुळं आणखी रडते.

तुझं उत्तर एवढं आहे, बाई. बापानं फसवणूक केली नव्हती. कोऱ्या कागदावर सही केली होती, आणि ती त्यानं कुणापासून लपवली नाही, देवापासूनही नाही. खालच्या कोर्टानं सोडलं, वरच्या कोर्टानं सोडलं, उशिरानं का होईना मी सोडलं. आता तू तरी त्याला पुन्हा उभं करू नको. शाळेतल्या त्या बाईंना हा कागद वाचायला दे. आणि कुणाला उभं करायचंच असेल तर मी आहे की, जिवंत आहे, दोन कान धडके आहेत.

परवा गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला. वही पुढं केली, "आजी, सही." मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, नाव, नंबर, तारीख, खालची बारीक अक्षरंसुद्धा. तो कंटाळून म्हणाला, "शेजारचे अप्पा असंच करायचे, एका सहीला दहा मिनिटं." त्यांच्या दारात तो ताटकळत उभा असायचा, भावजी मोठ्यानं वाचत बसायचे आणि मी भिंतीआडून ऐकायचे. आता भिंतीच्या ह्या बाजूनं तसाच आवाज येतो, एवढाच फरक.

खोलीची किल्ली माझ्याकडं आहे. खुर्ची हलवली नाही, काय झाडलं-पुसलं तेवढंच. तुझ्या मनात माझ्याबद्दल काय आलं असेल ते घेऊनच ये. रागावलेली ये, न बोलता ये, पण रविवारला लागून सुट्टी आली की नांदेडहून निघ. पोळ्यांसाठी शेंगा भाजून ठेवलेल्या आहेत. ह्या वेळी तूप जास्त घालते.