गोंदात सुटलेला जोड

ताई दात करायची. म्हणजे दुसऱ्यांचे. दवाखान्यातून हिरड्यांचे ठसे यायचे, त्यांवरून ती कवळ्या बनवायची. औषधाच्या दुकानावरच्या एका खोलीत तिची लॅब होती: टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, खिडकीत गुलाबी पावडरचे डबे आणि सगळ्यावर पांढरी धूळ. गावातले निम्मे दंतवैद्य तिच्याकडेच काम पाठवत. वय पन्नाशीला टेकलेलं, हात स्थिर, बोलणं बेताचं. नवरा शाळेची बस चालवायचा. मुलगी शिकायला बाहेरगावी, त्यामुळे घरात हे दोघं आणि सासूबाई.

अशा बाईच्या डोक्यात विमान शिरलं ते एका कवळीमुळे. एक आजोबा खालची कवळी टोचते म्हणून थेट लॅबमध्ये आले. जन्मभर विमानांची दुरुस्ती केलेले, आणि निवृत्त झाल्यावर लाकडाचं दोन माणसांचं छोटं विमान घरच्या घरी बांधून ते उडवणारे. ताई कवळीची कड घासत होती आणि ते तिच्या हातांकडे बघत बसले होते. निघताना म्हणाले, या हातांनी पंखाच्या फासळ्या झकास होतील. ते सहज बोलून गेले, पण ताईच्या मनातून ते जाईना. तिला लहानपणापासून उडायची हौस होती असंही नाही. उंच जिन्यावरूनसुद्धा ती कठडा धरून उतरायची. पण तीस वर्षांत तिनं जे जे केलं ते लोकांच्या तोंडात जाऊन दिसेनासं झालं होतं. एक तरी वस्तू अशी करावी की जिच्यात आपण स्वतः बसू, असं तिला वाटायला लागलं.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाई मात्र लगेच बोलल्या, "माझे खालचे दात अजून हलतात आणि ही विमान करायला निघाली."

हसणं झालं, पण नवऱ्याला भीती वाटली ती वाटलीच. तो नाही म्हणाला नाही. तिला कशालाही नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. तिनं नकाशे मागवले, ते पलंगावर पसरले, मागच्या शेडची लांबीरुंदी मोजली. अख्खा पंख शेडमध्ये मावणार नव्हता, तेव्हा तो दोन भागांत करायचा ठरलं. तपासायला विमान खात्याचा माणूस कधी कधी येईल, काय काय बघेल, हे तिनं फोनवर विचारून घेतलं. नवरा हे सगळं ऐकायचा आणि सकाळी बस काढताना त्याला ब्रेक दोनदा दाबून बघावासा वाटायचा. मागे चाळीस पोरं घेऊन फिरणारा माणूस तो. वस्तू मोडतात, आणि त्या मोडतात तेव्हा आत कोणीतरी बसलेलं असतं, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ताई विचारायला गेली तेव्हा आजोबांनी पहिलीच ताकीद दिली होती: विमानाचं लाकूड इतक्यात घ्यायचं नाही. आधी नुसते लाकडाचे तुकडे एकमेकांना चिकटवायचे, सुकू द्यायचे आणि मोडायचे. लाकूड फाटलं तर जोड चांगला. लाकूड शाबूत राहून गोंदातूनच सुटला, तर जोड वाईट. गोंद दोन डब्यांचा होता, एका डब्यात राळ आणि दुसऱ्यात ती कडक करणारं पातळ औषध. दोन्ही मापानं मिसळायचं. ताईला हे काम म्हणजे हातचा मळ वाटलं. पावडर आणि पातळ मिसळण्यातच तर तिचा जन्म गेला होता. तिनं डझनभर जोड केले. मोडायचं काम नवऱ्याकडे दिलं, कारण त्याचे हात जोरकस.

रविवारी ती मुलीशी फोनवर बोलत असताना तो शेडमध्ये गेला. एकेक तुकडा शिकंज्यात पकडून, वर पाईप अडकवून मोडू लागला. लाकूड कडकडा फाटत होतं, फाटलेल्या कडा कुसळांसारख्या. मग एक तुकडा आवाज न करता सुटला. दोन्ही बाजू गुळगुळीत, आरशासारख्या चकाकणाऱ्या. त्यानं तो खिशात टाकला. जोड ठीक आहेत एवढंच घरात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो लॅबमध्ये आला. तिथं तो सहसा यायचा नाही. खिशातले दोन तुकडे त्यानं प्लास्टरच्या जबड्यांशेजारी ठेवले.

"हा गोंदात सुटला," तो म्हणाला. "काल सांगितलं नाही."

"का?"

"मला बरं वाटलं म्हणून. वाटलं, आता विमान होत नाही, सुटलो एकदाचे, आणि ते तुला सांगायची लाज वाटली. मग दिवसभर बस चालवताना त्या बरं वाटण्याचीच भीती वाटत होती. मी काही बोललो नसतो, आणि तू त्याच हातानं पंख चिकटवला असतास तर?"

ताईनं तुकडे उचलले आणि त्या चकाकत्या कडेवरून अंगठा फिरवला. त्याच डब्यातला गोंद, तेच लाकूड, तोच दिवस. ज्या दहा-अकरा जोडांनी तग धरला त्यांत आणि या एकात काय फरक होता, हे तिला सांगता येईना. वाईट जोड बाहेरून तंतोतंत चांगल्या जोडासारखाच दिसत होता.

त्यानंतर तिची झोप गेली. लाकूड खराब असेल, हवा दमट असेल, हजार कारणं तिनं काढून पाहिली. खरं कारण सापडलं ते कामाच्या टेबलावर. एक डॉक्टरीणबाई फोनवर पेशंटची तक्रार सांगत होत्या, ताई मान खांद्याला लावून हो हो करत होती, आणि तिचा हात आपला आपण वाटीत पातळ ओतत होता. माप नाही, काटा नाही. हाताला वाटलं पुरे, तेव्हा हात थांबला. ताईची नजर त्या हातावर गेली आणि तिनं वाटी बाजूला सारली. गोंदही तिनं असाच मिसळला असणार. पहिल्या काही वाट्या मापानं, मग हाताला सवय लागली तशा अंदाजानं. तिला ते आठवतसुद्धा नव्हतं. तीस वर्षं लोक ज्या हाताची तारीफ करत आले, तोच हात तिला आता परक्या माणसासारखा वाटू लागला. कवळी सैल झाली तर पेशंट चिडून जिना चढून परत येतो. हवेतून कोण परत येणार?

ती आजोबांकडे गेली. त्यांचं विमान गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात पत्र्याच्या छपराखाली उभं असायचं. तिनं तुकडे दाखवले, हाताचं सगळं सांगितलं. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. पट्टे कसे बांधायचे ते दाखवलं आणि तिला शेजारी बसवलं.

जमीन सुटली तशी ताईनं सीटची कड घट्ट धरली. इंजिनाचा आवाज हाडांत शिरत होता. झाडं, रस्ते, गुरं लहान होत गेली, पण तिनं खाली फारसं पाहिलंच नाही. ती पंख बघत होती. कापडाखाली फासळ्यांच्या रेघा उमटल्या होत्या, आणि प्रत्येक रेघेत किती जोड असतील ते तिला कळत होतं. वाऱ्याचा धक्का बसला की पंखाचं टोक जरासं वर उचललं जाई आणि ती पुन्हा पहिल्यापासून जोड मोजायला लागे. खाली उतरल्यावर तिनं छपराच्या खांबाला धरून पोट रिकामं केलं.

आजोबांनी पाणी दिलं. तिनं विचारलं, त्यांना भीती नाही का वाटत.

"वाटते की," ते म्हणाले. "डाव्या पंखात एक जोड आहे, तो मी बायकोशी भांडून आल्यावर लावला होता. तपासलेला आहे, चांगला आहे. पण भांडणात मी काय बोललो ते मला आठवतं आणि गोंद कसा मिसळला ते आठवत नाही. दर वेळी नजर तिकडे जाते."

घरी येऊन ताईनं नकाशे गुंडाळले आणि कपाटावर टाकले. सासूबाईंच्या जिवात जीव आला. नवऱ्याच्याही आला, पण तो पुरता टिकला नाही. त्याला दिसत होतं की ताई आता लॅबमध्ये सगळं काट्यावर तोलते, फोन वाजला तर उचलत नाही, कामं उशिरा जातात म्हणून डॉक्टर कुरकुरतात. जेवताना ती स्वतःच्या हातांकडे बघत बसे. विमान करायचं राहिलं, पण भीती घरातच मुक्कामाला आली होती. असेच दोन-अडीच महिने गेले असतील.

शेवटी तोच बोलला. "अगं, अशी किती दिवस घाबरत राहणार? करायचंय का तुला?"

"करायचंय. पण माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

"मग माझ्या हाताचा ठेव. मी मोडून बघत जाईन."

"अहो, पण तुम्हाला ते नको आहे ना?"

"नकोच आहे. म्हणून तर जोर लावून मोडीन."

मग दोघांनी बसून ठरवलं. आधी फक्त शेपटीचं सुकाणू करायचं, तेवढंच लाकूड आणायचं. गोंद काट्यावरच तोलायचा, तेव्हा शेडमध्ये कोणी बोलायचं नाही. घरात शब्दाला शब्द लागला असेल तर त्या दिवशी डबा उघडायचाच नाही. आणि वाटीत जो गोंद कालवला त्याचाच एक तुकडा नवऱ्यासाठी वेगळा चिकटवायचा. तो गोंदात सुटला, तर त्या वाटीनं जे जे जोडलं ते फेकून द्यायचं. सासूबाई म्हणाल्या की या नियमानं विमान व्हायला सात जन्म लागतील. त्यावर नवरा म्हणाला, चालेल.

लाकूड आलं. सुकाणूचा सांगाडा उभा राहू लागला, हलका, कोवळा, बोटावर तोलता येईल असा. ताई तो करताना रोज घाबरायची. गोंद तोलताना काट्याचा आकडा मोठ्यानं म्हणायची, स्वतःलाच ऐकू जावा म्हणून. नवरा बस लावून यायचा, तुकडे घेऊन शिकंज्याकडे जायचा आणि खरोखर सगळा जोर लावायचा. कितीतरी वेळा लाकूड फाटलं. एकदा नाही फाटलं. थंडी फार होती, गोंद नीट धरला नसावा. तो दारात आला, हातात ते गुळगुळीत तुकडे. तिनं ते पाहिले. सांगाडा टेबलावरून उचलला, करवत घेतली आणि जोडाजोडाशी कापायला लागली. त्यानं दुसरं टोक धरून ठेवलं.