चुकीचे उत्तर : सांबार

सचिवांनी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. आम्ही नऊ शिक्षक चौथीच्या वर्गात टाटपट्टीवर मांडी घालून बसलो होतो. विद्यार्थी म्हणून. समोर खुर्च्यांवर मंडळाचे लोक. मधल्या खुर्चीवर रायपूरहून आलेले तपासणी साहेब. फळ्याजवळ कुसुमताई, सचिवांची सून, पुण्याहून ट्रेनिंग करून आलेली. ती आदर्श पाठ घेणार आणि आम्ही बघून शिकणार, असा तो कार्यक्रम होता.

माझ्यापर्यंत आल्यावर सचिव थांबले. बाकीच्यांच्या हातात चिठ्ठी दिली होती. माझी समोर टाटपट्टीवर टाकली. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "वर्गात एक ढ मुलगी असायला हवी ना. ह्या बाई होतील. ह्यांना नाटक करावं लागणार नाही."

लोक हसले. साहेबही हसले. मी चिठ्ठी उचलली. लिहिले होते : "प्रश्न पाचवा. चुकीचे उत्तर : सांबार."

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. अपमानाने नव्हे. अपमान रोजचा होता, त्याची सवय झाली होती. तो शब्द माझा होता. मीच लिहिला होता, आणि बरोबर उत्तर म्हणून लिहिला होता.

आमचे गाव भंडाऱ्याकडले. नवरा इथे पोलादाच्या नव्या कारखान्यावर ठेकेदाराकडे रिगर. म्हणजे लोखंडी सांगाड्यावर चढून तुळया जागेवर बसवायच्या, खालचा माणूस दोर सांभाळणार. कारखान्याची एक भट्टी पेटली होती, पुढच्या उभ्या राहत होत्या. आम्ही कॅम्प-१ मध्ये, मजुरांच्या वस्तीत, राहत होतो, अजूनही राहतो. मी मॅट्रिक. आमच्या घरांच्या ओळीतली एकटी. घराने बुद्धाची दीक्षा घेतली तरी आडनाव तेच राहिले. ते ऐकले की समोरच्याचा चेहरा जरासा बदलतो. मला तो बदल लहानपणापासून ओळखता येतो.

मराठी लोकांच्या एका मंडळाने खाजगी शाळा काढली होती. मंडळात साहेब लोक, पुण्या-मुंबईकडून आलेले. पोरे मात्र आमची. भंडारा-गोंदियाकडल्या मजुरांची, कारखान्यात जड सामान ओढणाऱ्या खलाशांची. शिकवायला माणसे मिळेनात म्हणून मला घेतले. घेतल्याचे वर्षभर ऐकवले. सचिव प्रत्येक सभेत सांगायचे, "आमच्याकडे सगळ्या समाजाच्या बाई आहेत." बाई एकच होती. तिचा पाण्याचा पेला खिडकीत वेगळा असायचा.

मग सरकारी मान्यतेची गोष्ट निघाली. मान्यता हवी तर ट्रेन्ड शिक्षक हवे. आम्ही सगळेच अनट्रेन्ड. सचिवांनी ट्रेनिंग फंड काढला. दरवर्षी एकाला मंडळाच्या खर्चाने ट्रेनिंगला पाठवायचे, आणि मान्यता आल्यावर जो अनट्रेन्ड असेल त्याला केव्हाही घरी बसवता येईल. ज्याचा नंबर लागेल तो वाचला, बाकीचे टांगलेले. माझ्यासाठी ट्रेनिंग म्हणजे नोकरी होती, आणि नोकरी म्हणजे मी.

फंडाची पावतीपुस्तके घेऊन कॅम्पात कोण फिरणार? मी. साहेब लोकांच्या बायका तिकडच्या नाल्या ओलांडत नसत. मी दारोदार गेले, पार रुआबांध्याच्या वस्तीपर्यंत. बांधकामावर रेजाकाम करणारी एक बाई नुकतीच डोक्यावरची टोपली उतरवून बसली होती. तिने विचारले, "ह्या पैशानं तू शिकशीन का वं बाई?"

"माझाबी नंबर लागन," मी म्हणाले.

"मंग घे." तिने पदराची गाठ सोडली.

पहिला नंबर कुसुमताईचा लागला. ती चार महिन्यांपासून गाणे आणि विणकाम शिकवत होती. ट्रेनिंग पुण्याला, जिथे तिचे माहेर. मी अर्ज दिला होता. त्यावर ना हो, ना नाही. जणू मी दिलाच नव्हता.

सचिवांनी मला ऑफिसात बोलावले. हा माणूस रागावला की आम्हाला कुणालाच भीती वाटत नसे. तो हळू बोलू लागला की वाटे. त्या दिवशी फार हळू बोलले. "मनाला लावून घेऊ नका. पुढचा नंबर तुमचाच. तोवर कुसुमला जरा मदत करा. तिला पाठांची टाचणं लिहून पाठवत जा. घरच्यासारखं समजा. तुमचीही तयारी होईल."

टाचण म्हणजे पाठ घेण्याआधी वहीत करायची तयारी. कोणता प्रश्न विचारायचा, मुलांनी काय उत्तर द्यावे, फळ्यावर काय लिहायचे, सगळे रकाने पाडून. मला ते येत होते. कुणी शिकवले नव्हते, पोरांनी शिकवले. कोणत्या प्रश्नाला पोरे गप्प बसतात आणि कोणत्या प्रश्नाला अर्धा वर्ग उभा राहतो, हे मी वहीत टिपून ठेवत असे.

मी लिहीत गेले. दर आठवड्याला एक पाकीट पुण्याला. वर्षभर. मूर्खपणा माझाच. मला वाटे, ही माझीच तयारी आहे. तिकडून मागणी वाढत गेली. आधी एक पाठ, मग तीन, मग जुन्या वह्याच पाठवा. पाठवल्या. परत मागितल्या तर सचिव म्हणाले, "कुठं जातात त्या? घरातच आहेत." घर त्यांचे होते. तेव्हाच मला समजायला हवे होते. आतून कुठेतरी समजत होतेच, पण पुढचा नंबर माझा होता ना. नंबरासाठी मी माझे डोळे मिटून घेतले.

त्यातला एक पाठ तिसरीचा होता. "पाने आणि त्यांचे उपयोग." प्रश्न पाचवा : (जुडी दाखवून) ही कशाची पाने? अपेक्षित उत्तर : सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी वर्गात सांबाराची जुडी नेली की पोरे वासानेच ओरडत. कोथिंबीर हा शब्द त्यांनी पुस्तकात वाचलेला, घरात ऐकलेला नाही.

तोच पाठ आता फळ्याजवळ सुरू झाला होता. कुसुमताईने पहिला प्रश्न विचारला. माझा. दुसरा. माझा. तिसऱ्या प्रश्नाआधी मी पिंपळाचे पान मागे लपवून काढायला लिहिले होते, तिने ते तसेच लपवून काढले. साहेब मान डोलवत होते. सचिव साहेबांच्या कानाशी लागून काही सांगत होते. मी चिठ्ठी मुठीत धरून बसले होते आणि माझा पाठ एकेक पाऊल माझ्याकडे येत होता.

पाचवा प्रश्न आला. कुसुमताईने हातात जुडी धरली. माझ्याकडे बघितले नाही, माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघितले. "तुम्ही सांगा. ही कशाची पाने?"

मी उठले. "सांबार."

हशा वेळेवर आला. मंडळातले एक जण म्हणाले, "सांबार म्हणजे ती मद्राशांची आमटी." पुन्हा हशा.

"चूक," कुसुमताई म्हणाली. तसे तिच्या टाचणात होते. "बसा."

मी बसले नाही. आवाज कसा कोण जाणे सरळ निघाला. "चूक नाही. माझ्या घरी ह्याला सांबार म्हणतात. ह्या शाळेतल्या बहुतेक पोरांच्या घरी म्हणतात. कोथिंबीर म्हणणाऱ्याचंही बरोबर आहे. पण सांबार चूक नाही."

कुणी हसले नाही. मग मी ते बोलले. "आणि हा पाठ माझा आहे. पुढचा प्रश्न मी सांगते. विड्याचं पान कोण खातं? त्याच्यापुढचा, जनावरं कोणती पानं खातात? त्याच्यापुढं फळ्यावर पानाचं चित्र, देठ डावीकडे."

साहेबांच्या मांडीवर कुसुमताईच्या टाचणाची वही उघडी होती. त्यांचे बोट वहीवर होते. मी एक प्रश्न म्हणाले की ते एक ओळ खाली सरकत होते. मी ते बोट स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. ते देठापाशी थांबले.

साहेबांनी वही मिटली. घड्याळ बघितले. "चहाचं काय झालं?" असे सचिवांना विचारले.

एवढेच. शेरेबुकात त्यांनी लिहिलेले सचिवांनी मला दुसऱ्या दिवशी मुद्दाम वाचायला दिले. आदर्श पाठ उत्तम. एका अप्रशिक्षित शिक्षिकेच्या शिस्तीकडे मंडळाने लक्ष द्यावे.

संध्याकाळी कुसुमताई माझ्याकडे आली. एकटी. वर्गाच्या मागच्या बाजूला उभी राहून रडली. "तिकडे पुण्याला सगळे हसले हो त्या शब्दाला. आमच्या बाईंनी लाल शाईनं गोल केला. मला लाज वाटली. मी म्हटलं, ते मुलांचं चुकीचं उत्तर म्हणून लिहिलंय. तर त्या म्हणाल्या, वा, छान कल्पना आहे. मग ते तसंच राहिलं."

मला तिची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला. मी विचारले, "चिठ्ठी मलाच द्यायची, हे कुणी ठरवलं?" तिने फक्त पदराने डोळे पुसले आणि घरी गेली. घर तेच, सचिवांचे.

पुढच्या सोमवारी ऑफिसात बोलावणे आले. दार लोटून घेतले. सचिवांनी एक टाइप केलेला कागद माझ्याकडे सरकवला. त्यात होते की मी मत्सरापोटी खोटे बोलले, पाठ पूर्णपणे कुसुमताईंचा आहे, मंडळाने मोठ्या मनाने मला क्षमा करावी. खाली माझ्या नावाखाली सहीची जागा.

"सही करा," ते अगदी हळू म्हणाले. "यंदाचा ट्रेनिंगचा नंबर तुमचा. मी शब्द देतो. नाहीतर जूनपासून अनट्रेन्ड माणसाला ठेवणं मला अवघड आहे." मग थोडे थांबून, "तुमचे यजमान त्या ठेकेदाराकडेच आहेत ना? ओळखतो मी त्याला. फार उंचावर काम चालतं म्हणे. सांभाळून राहायला सांगा त्यांना."

मी कागद घरी आणला. नवऱ्याला वाचून दाखवला. शेवटचे वाक्यही सांगितले. तो हातातली भाकर तशीच धरून बसला.

"सही करून टाक ना वं," तो म्हणाला. "एका सहीनं तुले ट्रेनिंग भेटून राह्यलं."

"मी खोटं बोलली, असं लिहून मांगते ते."

"खरं का खोटं, कोणाले पडलं हाय इथं? मले उद्या वर चढा लागते."

"भेव वाटते तुमाले?"

"वाटते ना. वर असल्यावर खालचा माणूस आपला पाह्यजे."

त्याचे चूक नव्हते. त्याचा जीव दुसऱ्याने धरलेल्या दोरावर होता, आणि माझ्यामुळे त्या दोराकडे सचिवांचे लक्ष गेले होते. सकाळी निघताना त्याने पायताण घातले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुले पटन तसं कर. मले नको इचारू."

मी पाच दिवस तो कागद वाचला. ट्रेनिंगला जायची माझी किती इच्छा होती, हे मी कुणाला सांगू शकत नाही. तिथे पुस्तके असतात, मोठे वर्ग असतात, मी लिहिते ते बरोबर की चूक हे सांगणारी माणसे असतात. माझा अर्ज माझ्यासाठी देवघरासारखा होता. पण तिथे जायला आधी हे लिहून द्यायचे की मला काही येत नव्हते, आणि जे येत होते ते दुसऱ्याचे होते. असे लिहून जी बाई ट्रेनिंगला जाईल ती मी नव्हे. तिला पाठवून मी काय करू?

शनिवारी कागद परत नेऊन दिला. सही नव्हती. सचिवांनी तो उलटून पाहिला, मागे काही लिहिले आहे का म्हणून. "विचार करायला अजून वेळ आहे," ते म्हणाले.

"झाला करून," मी म्हणाले.

हे लिहिते आहे तेव्हा शाळा उघडायला आठ दिवस आहेत. मला ठेवणार नाहीत, हे मला माहीत आहे. नवरा रोज चढायला जातो. सुटीचा भोंगा होऊन तो दिसेपर्यंत मी दारात उभी असते. मला भीती वाटते. नाही वाटत असे म्हणणारी मी नाही.

काल कळले की फंडाची नवी पावतीपुस्तके छापून आली. या वर्षी सचिवांच्या भाच्याचा नंबर आहे. कुणीतरी नवीन बाई ती पुस्तके घेऊन कॅम्पात फिरेल, जशी मी फिरले होते. मी तिला अडवणार नाही, तिच्याशी भांडणार नाही. तिच्याबरोबर चालणार आहे. ती ज्या दारात उभी राहील त्या दारात मी उभी राहणार, आणि मागच्या वेळी मी पावती फाडून नेलेला पैसा कुणाच्या ट्रेनिंगला गेला, पाठ कुणी लिहिले आणि माफीचा कागद कुणापुढे सरकवला, हे घरातल्या माणसाला सांगणार. नावानिशी सांगणार. मग बघू, किती पावत्या फाटतात.