धामणीची गाठ

सरळ रेषेचा इतका मनापासून तिटकारा असलेला माणूस आमच्या घरमालकांखेरीज अख्ख्या बेंगळुरात दुसरा सापडला नसता. शिवाजीनगरच्या बाजारामागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं आणि गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. राहायला आलो त्याच दिवशी पुस्तकांसाठी भिंतीवर फळी ठोकत होतो. फळीवर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध येतोय का बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "स्वल्प वाकडी ठोका की हो. भिंतीला बरं वाटेल." वळून पाहिलं तर सत्तरीचे, काटकुळे, लुंगीतले एक गृहस्थ दारात उभे. चष्मा कपाळावर, खांद्यावर टॉवेल, आणि माझ्या पाणसळीकडे ते पाल बघावी तसे बघत होते. मी एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात इंजिनियर. केसाच्या जाडीइतका फरक दिसला तरी अख्खा माल परत पाठवायचा, हे माझं काम. अशा माणसाला देवानं नेमकं यांच्याच घरी धाडावं, याला काय म्हणायचं?

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. त्यांच्या घरात फूटपट्टी नव्हती. कॅलेंडर मुद्दाम तिरकं लावलेलं असे. गवंड्यानं नवा कट्टा अगदी ओळंब्यात बांधला म्हणून अण्णांनी त्याला त्या दिवशी कॉफी दिली नव्हती, असं अक्का सांगायच्या. रिक्षावाला मोठ्या रस्त्यानं सरळ निघाला की हे मागून "गल्लीतनं घ्या, गल्लीतनं" करायचे. एकदा मला म्हणाले, "देवानं एक तरी वस्तू सरळ केलीय का, दाखवा." मी म्हटलं, "ऊस." ते तडक खाली गेले. दोन दिवसांनी धापा टाकत माझ्या खोलीत आले, हातात उसाचं कांडं. "पेरापाशी वाकतोय, बघा!" आणि विजयी मुद्रेनं ते कांडं मला खायला देऊन निघून गेले.

त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. अण्णांचं मराठी त्यामुळे ऐकण्यासारखं होतं. एका वाक्यात 'बरं' म्हणायला दोन 'सरी' आणि तीन 'स्वल्प'. माझ्या पुणेरी बोलण्याला ते पोलिसांचा पंचनामा म्हणत. "आमची माणसं घोड्यावरनं आली, तुम्ही विमानानं आलात. म्हणून तुम्हाला घाई." घाई आणि सरळ रेषा ही त्यांच्या मते सख्खी भावंडं.

एका गोष्टीची मात्र त्यांना खरीखुरी धास्ती होती, विसरण्याची. त्यांच्या वडिलांना म्हातारपणी विसर पडत गेला आणि शेवटी ते मुलाचं नावही विसरले. आपलंही तसंच होणार, हे अण्णांनी पक्कं धरलं होतं. म्हणून आठवण ठेवायची गोष्ट आली की खांद्यावरच्या टॉवेलाला एक गाठ. संध्याकाळपर्यंत टॉवेलाला सात-आठ गाठी व्हायच्या, आणि कुठली गाठ कशाची हे सांगायला अक्का लागायच्या. "ही कोथिंबिरीची, ही तुमच्या बहिणीला फोन करायची, आणि ही कालचीच, सोडायची विसरलात." यावर आम्ही हसायचो, अण्णाही हसायचे. पण हसून झालं की क्षणभर टॉवेलाकडे बघत राहायचे, हे मला तेव्हाही दिसत होतं.

एके दिवशी म्हणाले, "इंजिनेर, आमच्या पलंगाखाली धामण आहे, बाहेर काढायला मदत करा." मी टुणकन खुर्चीवर चढलो. अक्का पोट धरून हसल्या. साप नव्हता, धामणीच्या झाडाचं लाकूड होतं, माणसाच्या उंचीचं, दोन्ही टोकांना मेण लावलेलं. देवनहळ्ळीला अण्णांच्या वडिलार्जित शेताच्या बांधावर हे झाड होतं. रस्ता रुंद करताना ते पडलं, तेव्हा अण्णांनी त्यातली एकच सरस फाक आणली आणि नऊ वर्षं पलंगाखाली वाळवत ठेवली. अक्का म्हणायच्या, "लोकांच्या घरात सवत येते. माझी पलंगाखाली येऊन झोपली."

या लाकडाचं धनुष्य करायचं होतं. त्यांच्या घराण्याची एक रीत होती. दसऱ्याच्या दुपारी घरातल्या मोठ्यानं शेतात उभं राहून पूर्वेच्या बांधापलीकडे एक बाण सोडायचा. बाण पडेल तिथवर सगळ्यांनी चालत जायचं आणि बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटून परत यायचं. तेच त्यांचं सीमोल्लंघन. वडिलांचं धनुष्य वाळवीनं खाल्लं आणि रीत मोडली. आता भावांनी मिळून शेत विकलं होतं, तिथे प्लॉट पाडून लेआउट होणार होता. येणारा दसरा शेतातला शेवटचा. अण्णांना वडिलांच्या झाडाच्या धनुष्यानं, वडिलांच्या बांधावरून, एक बाण सोडायचा होता. फक्त एक. पण त्यांचा उजवा हात आता हत्यार धरलं की थरथरायचा. ओढायला खांद्यात जोर होता, तासायला बोटांत नव्हता. "डोळे माझे, हात तुमचे," ते म्हणाले. "सहा महिने आहेत. घाई नको."

मी आयुष्यात पेन्सिलीखेरीज काही तासलं नव्हतं. पहिल्या रविवारी त्यांनी मला कोयता दिला, पण तो लाकडाला लावू दिला नाही. लाकूड नुसतं मांडीवर घेऊन बसायचं. दुसऱ्या रविवारी साल काढली. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "आता हिच्या पाठीवर बोट फिरवा आणि कुठं काय आहे ते सांगा." मी सांगितलं, वरच्या हातात मुठीपासून वीतभर अंतरावर गाठ आहे. मुठीच्या वरचा भाग तो धनुष्याचा वरचा हात, खालचा तो खालचा, हे तोवर शिकलो होतो. अण्णा खूश झाले. "ती गाठ म्हणजे घरातली आत्या. तिला वळसा घालून जायचं, हलवायचं नाही. तिच्याभोवती लाकूड फुगीर राहू द्या. तिथं पातळ केलंत की धनुष्य तिथंच मोडणार."

रंध्याला घरात बंदी होती, कारण रंधा सरळ करतो. आधी कोयता, मग कानस, आणि शेवटी फुटक्या काचेचा तुकडा. काचेनं खरवडलं की पिठासारखा भुसा निघतो. धनुष्य खिडकीच्या गजाला आडवं बांधायचं, दोरीला पिशवी लटकवायची आणि पिशवीत एकेक बटाटा टाकत वाक बघायचा. अण्णा दहा पावलं मागे जाऊन, चष्मा कपाळावर सारून, डोळे बारीक करून बघत. "वरचा हात आळशी आहे. काच मारा. बास! एक बटाटा वाढवा." दोन किलो झाले, चार झाले, पुढे कांदे आले. त्या पावसाळ्यात अक्कांनी बटाट्याची भाजी करायची म्हणजे आधी खिडकीशी येऊन परवानगी मागावी लागे. मी सवयीनं खिशातून जाडी मोजायचं व्हर्नियर काढलं की अण्णा कान पकडायला धावत. "मोजू नका हो. बघा! लाकूड काय तुमच्या कारखान्यात जन्मलंय?"

किती सुखाचे रविवार होते ते! मला तेव्हा कळलं नाही, एवढंच.

दसऱ्याला आठ दिवस उरले तेव्हा खिडकीत वीस किलोंचा बाजार लटकत होता आणि धनुष्य दोन्ही बाजूंनी सारखं वाकलं होतं. अण्णा बराच वेळ बघत राहिले, मग डोळे पुसले. "झालं. आता फक्त तेल. वर घेऊन जा, रोज तेल चोळा. पण आत्येला हात लावू नका हं, इंजिनेर. ती आहे तशी असू दे." मी "नाही, नाही" म्हटलं.

हे दुसऱ्यांदा सांगणं होतं. नीट लक्षात ठेवा, कारण मी ते कधीच विसरू शकलेलो नाही.

आणि मग मी काय केलं? तेल चोळताना बोट रोज त्या फुगवट्यावर अडायचं. तिसऱ्या दिवशी व्हर्नियर काढलं. वरचा हात खालच्यापेक्षा त्या जागी तीन मिलिमीटर जाड. मी स्वतःला समजावलं की मोजायला काय हरकत आहे? मग वाटलं, अर्धा मिलिमीटर काढला तर म्हाताऱ्याला काय कळतंय? तपासणी खात्यातला माणूस हो मी! माझ्या हातून गेलेल्या वस्तूत तीन मिलिमीटरचा फरक? काच घेतली आणि खरवडत गेलो. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तेव्हा थांबलो. काय सुंदर दिसत होतं! मी स्वतःवर इतका खूश झालो की खाली जाऊन दाखवावं असंही वाटलं. गेलो नाही, यातच सगळं आलं. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा झाली. मीही माझ्या व्हर्नियरला हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. शहाणा!

दसऱ्याला अक्कांच्या जुन्या साडीत धनुष्य गुंडाळून आम्ही देवनहळ्ळीची बस धरली. कंडक्टरनं विचारलं, हे काय? अण्णा ऐटीत म्हणाले, "माझ्या शेताचं लाकूड." शेतात लेआउटचे दगड आधीच रोवलेले होते, पांढरे, सगळे एका रेषेत. अण्णांनी तिकडे पाठ फिरवली. भाऊ, वहिन्या, पुतणे असे वीसेक जण जमले होते. अण्णांनी साडी सोडली, गुडघ्याचा रेटा देऊन दोरी चढवली आणि सवयीनं अंगठा वरपासून खाली फिरवत आणला.

अंगठा गाठीपाशी थांबला. मागे गेला, पुन्हा आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काहीतरी हरवलंय आणि कुठे ठेवलं ते आठवत नाहीये, असं पाहिलं. मी दगडांकडे बघायला लागलो.

तरी त्यांनी बाण लावला. हळूहळू ओढायला लागले. अर्ध्यावर आले असतील, आणि लाकडातून बारीक आवाज आला. टिक. त्यांनाही ऐकू आला आणि मलाही. त्यांनी दोरी तितक्याच हळू परत सोडली, धनुष्य खाली केलं आणि हसून सगळ्यांना म्हणाले, "खांदा ऐकेना की हो. म्हातारा झालो." पुतण्यांनी चेष्टा केली, एक जण "काका, मी ओढतो" म्हणाला, त्याला त्यांनी हात लावू दिला नाही. दोरी उतरवली. मग बाण हातात घेऊन चालत निघाले. दगडांमधून वाट काढत पूर्वेच्या बांधापलीकडे गेले, बाण मातीत रोवला, नमस्कार केला आणि चालतच परत आले. वरून विमान गेलं, त्या आवाजात कोण काय बोललं ते कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. दीड तास! "अण्णा, मी खरवडलं" या तीन शब्दांना किती वेळ लागतो? पण मी पुण्याचा. चूक कबूल करण्यापेक्षा आम्ही तिचं समर्थन शोधतो. शहराच्या तोंडावरचं हेब्बाळ येईपर्यंत मी मनात लाकडालाच दोष देऊन मोकळा झालो होतो. अण्णांनी मला बन्नीची पानं दिली आणि म्हणाले, "सोन्यासारखे राहा."

त्यानंतर त्यांनी कोणाला धनुष्य शिकवलं नाही. महादेवपुऱ्याहून कॉम्प्युटर कंपनीतली दोन-तीन माणसं फार उत्साहानं आली होती, त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं. "मला आता सांगता येत नाही हो. राहून जातं." मी वरून ऐकत होतो. मला वाटलं, माझ्यासारख्या शिष्याचा अनुभव घेऊन कंटाळले, आणि हे ते माझ्या कानावर पडावं म्हणून मोठ्यानं बोलतायत. मला रागसुद्धा आला, बघा. वर्षभरात माझं लग्न ठरलं आणि मी खोली सोडली. सणावारी जायचो. ते हसून स्वागत करायचे, कॅलेंडर तिरकंच असायचं. धनुष्य मात्र दिसायचं नाही, आणि मी विचारायचो नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. झोपेतच. मला कळलं तेव्हा मी कामासाठी बाहेरगावी होतो. तेराव्यानंतर अक्कांना भेटायला गेलो तर त्यांनी पलंगाखालून ती जुनी साडी ओढून काढली. "हे तुमचं. तुम्ही केलेलं." गाठीपाशी केसासारखी चीर होती आणि तिच्यावर रेशमी दोरा गुंडाळलेला, थरथरत्या हातानं, वेडावाकडा. माझा धीर सुटला. अक्कांपुढे बसून सगळं सांगायचं ठरवलं. म्हटलं, "अक्का, ते धनुष्य खांद्यामुळे नाही..."

"ठाऊक आहे की," अक्का म्हणाल्या. "त्या दिवशी घरी येऊन रडले हो. म्हणाले, इंजिनेरला गाठीचं सांगायचं मी विसरलो. सहा महिने पोरगं राबलं आणि मुख्य तेवढंच सांगायचं माझ्याकडनं राहिलं. मी म्हटलं, सांगितलं असेल तुम्ही. तर म्हणाले, छे! तो ऐकणारा मुलगा आहे. सांगितलं असतं तर त्यानं हात लावलाच नसता. बाबांसारखं झालं माझं, सुरू झालं." अक्कांनी पदरानं डोळे टिपले. "शेवटपर्यंत टॉवेलाला एक गाठ तशीच होती. मी सोडायला गेले की हात धरायचे. असू दे, म्हणायचे, ही इंजिनेरची."

मी अक्कांना म्हटलं, "त्यांनी सांगितलं होतं अक्का. दोनदा सांगितलं होतं."  अक्का शांतपणे म्हणाल्या, "मग त्यांना का नाही सांगितलंत हो?"

धनुष्य आता माझ्या घरी भिंतीवर आहे. बायको म्हणते, तिरकं लागलंय. मी म्हणतो, असू दे.