रुक्ष ग्रहाचं पारायण

शामकांत मास्तरांनी बत्तीस वर्षं गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि एवढ्या काळात गावातला एकही माणूस ग्रहणात जेवायला तयार झाला नाही. याचा सूड त्यांनी निवृत्तीनंतर घेतला. त्यांनी कादंबरी लिहिली.

गाव शेवगावच्या पूर्वेला, उन्हाळ्यात टँकरवर जगणारं. मास्तरांची कादंबरी मात्र रुक्ष नावाच्या ग्रहावरची. तिथं सगळीकडे वाळू, डोक्यावर दोन सूर्य, मधोमध एक गोल भिंत आणि भिंतीच्या आत माणसं. शेकडो वर्षांपूर्वी कोसळलेल्या यानातलं एक यंत्र हवेतून पाणी काढतं. माणसं त्याला देव मानतात, आणि कुणाला किती घोट द्यायचे हे जलस्वामी नावाचा पुजारी ठरवतो. भिंतीबाहेर पाऊल टाकणाऱ्याला पाणी सगळ्यांत शेवटी. एकोणिसाव्या आणि शेवटच्या अध्यायात मनवा नावाची मुलगी यंत्राचं झाकण उघडते, आत देव नसून एक पंखा आणि नळी आहे हे सगळ्यांना दाखवते, आणि भिंतीचं दार उघडून चालू लागते. हे वाचून गाव खजील होईल, असं मास्तरांना वाटत होतं. माणसांवर त्यांचा फार विश्वास, अनुभव असूनही.

हस्तलिखित टाइप केलं रुपालीनं. ती मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, रोज सकाळी साडेसातच्या एसटीनं शेवगावच्या कॉम्प्युटर सेंटरवर कामाला जाणारी. नवरा ओंकार टेम्पो घेऊन महिना महिना बाहेर, घरी चार वर्षांची दिशा. शेवटचं पान टाइप करून रुपाली म्हणाली, "सर, ही मनवा भारी हाय. आपल्या गावात टिकली नसती." मास्तर खूश झाले. त्यांना ते परीक्षण वाटलं. ती माहिती होती.

प्रकाशकांनी कादंबरी सन्मानपूर्वक परत केली. त्याच सुमारास मंदिरात दुपारी पोथी वाचणाऱ्या आक्काबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी मास्तरांना विचारलं, चार दिवस तुम्ही वाचता का. मास्तरांनी पोथीच्या जागी आपली स्पायरल बाइंडिंगची वही नेली.

चूक इथं झाली. आमच्याकडे मंदिरात चौरंगावर ठेवून, समईपुढे जे वाचलं जातं ती पोथी. मास्तरांनी एसटीचं वेळापत्रक वाचलं असतं तरी शेवटी आरती झाली असती. पहिल्या दिवशी बायका नुसत्या ऐकत राहिल्या. दोन सूर्य ऐकून आक्काबाई हळहळल्या, की इथं एकच सोसवत न्हाई, त्या बिचाऱ्यांनी काय करावं. तिसऱ्या दिवशी वहीला लाल फडकं आलं. पाचव्या दिवशी तिच्यावर झेंडूचं फूल होतं, आणि पान उलटताना मास्तरांचं बोट नकळत कपाळाकडे गेलं.

सातव्या अध्यायाला आप्पासाहेब येऊन मागं बसले. आप्पासाहेब मंदिराच्या ट्रस्टचे अध्यक्ष, टँकरवरची व्यवस्थाही त्यांच्याच हातात. सातव्या अध्यायात नेमकी जलस्वामीची पाणीवाटप पद्धत होती, आणि ती मास्तरांनी चेष्टेच्या भरात इतकी बारकाईनं लिहिली होती की सरकारी परिपत्रकानं मान खाली घालावी. आप्पासाहेबांनी ती तन्मयतेनं ऐकली. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा हंड्यांची रांग लागलेली होती. पहिला हंडा पोथी वाचणाऱ्याचा, मग पारायणाला बसणाऱ्यांचे, आणि सगळ्यांत शेवटी रोज गावाबाहेर जाणाऱ्यांचे. खरं सांगायचं तर गावाला ही पद्धत आवडली. पूर्वी टँकरपाशी एकमेकींच्या झिंज्या धरल्या जायच्या, त्या थांबल्या.

रुपालीचा हंडा शेवटी गेला. नंबर येईपर्यंत एसटी निघून जायची, आणि कधीकधी टँकरही आटायचा. सेंटरच्या मालकानं तिला बजावलं, आणखी दोनदा उशीर झाला तर दुसरी मुलगी बघतो.

मास्तर आप्पासाहेबांकडे गेले. म्हणाले, "अहो, ती थट्टा आहे. असं वागू नये म्हणून लिहिलंय ते."

आप्पासाहेबांनी चहा पुढं केला. "मास्तर, पोथीत थट्टा नसती."

मास्तरांनी ठरवलं, एकोणिसावा अध्याय वाचला की सगळं निवळेल. आप्पासाहेबांचं म्हणणं होतं, अठरा अध्याय शुभ, तिथंच समाप्ती करू. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला. शेवटच्या दिवशी मंदिर भरलं. रुपालीही सुट्टी टाकून दाराशी बसली होती. मास्तरांनी जीव ओतून वाचलं. झाकण उघडलं, आत पंखा निघाला, आणि आक्काबाईंनी पंख्याला हात जोडले. मनवा चालू लागली तेव्हा निम्मं मंदिर डोळे पुसत होतं.

आप्पासाहेब उभे राहिले. "मनवा भाईर गेली. मग परत आली का, मास्तर?"

"गोष्ट तिथंच संपते."

"म्हंजी न्हाई आली." ते सभेकडे वळले. "ध्यानात ठिवा." मग जयघोष झाला.

बाहेर चपला घालताना रुपालीनं मास्तरांना गाठलं. "सर, मनवाला भाईर काढलं, बरं केलं. आता एक कराल? उद्या तुमचा हंडा माझ्या मागं लावा. पोथीवालाच मागं थांबला तर ही पद्धत मोडंल, कुणाला काय बोलता यायचं न्हाई." मास्तर म्हणाले, नक्की.

सकाळी मास्तर खरंच हंडा घेऊन रांगेच्या शेवटाला गेले. रुपालीनं आपला हंडा सरकवून त्यांना जागा केली. तेवढ्यात पुढून आक्काबाईंनी हाक दिली, मास्तर, तिकडं कशाला, तुमचा मान पयला. आप्पासाहेब स्वतः आले आणि त्यांनी मास्तरांच्या हातातला हंडा घेतला. "अहो, राहू द्या, राहू द्या," मास्तर म्हणाले. पंगतीत जिलेबी वाढणाऱ्याला म्हणतात, त्या आवाजात. हंडा पुढं गेला. मास्तर त्याच्या मागं गेले.

त्या दिवशी टँकर रुपालीच्या दोन हंडे आधी आटला. ती रिकामा हंडा कमरेला लावून घरी गेली, आणि त्याच आठवड्यात दिशाला आणि दोन पिशव्या घेऊन शेवगावात खोली बघून राहिली. ओंकारनं नंतर टेम्पो आणून सामान हलवलं. घराला कुलूप लागलं.

लोकाग्रहास्तव दुसरं पारायण ठरलं. पहिल्या दिवशी आक्काबाई सगळ्यांना सांगत होत्या की पोथी खरी ठरली, बगा, रुपाली गेली ती गेलीच. मास्तर चौरंगापाशी बसले होते. त्यांनी ऐकलं. मग लाल फडकं सोडलं, चष्मा पुसला आणि पहिला अध्याय वाचायला घेतला.